सूचना : रविवारी घोड्यांचा सराव, माथेरान

सर्व घोडेमालक व घोडेवाल्यांनो,

येत्या रविवारी सकाळी 7 ते 9 सराव आहे. खोगीर नको. म्होरकी, 3 मीटर दोर आणि गवताची जाळी (भोके 3-4 सेंमी) आणा.

1. जाळी : दिवसभर दावणीला उभा घोडा कंटाळून लाकूड चावतो. त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होते, म्हणून 4 तासांहून जास्त वेळ चाऱ्याविना ठेवू नका. जाळी छातीच्या वर बांधा. रिकामी झाली की लोंबते, पाय अडकतो. खुंटी आणि जाळी यांच्यामध्ये सुतळी हवी, म्हणजे ओढ बसल्यास तीच तुटेल.

2. गाजर लांब उभे चिरा. गोल चकत्या घशात अडकतात.

3. पाय उचलू देणे : आधी 3 सेकंदच उचला. घोडा शांत असतानाच खाली ठेवा. झटका दिल्यावर सोडलात तर तो झटकाच शिकेल, आणि मग नालबंदाचे हाल!

4. ताडपत्री : पावसाआधी घोड्याला तिची सवय हवीच. आधी घडी करून हुंगू द्या, मग हळूहळू उलगडा. मागून ढकलू नका.

लंगडणारा किंवा खोकणारा घोडा आणू नये. चाबूक आणल्यास परत पाठवू.