कॅम्पातल्या मामांना, आप्पांच्या चपलांबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

मराठी बोलायला येतं, वाचायला येत नाही, असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता. तेव्हा हे कुणाकडून तरी वाचून घ्या. आम्ही दोन रविवार कॅम्पात येऊन गेलो. दुसऱ्या खेपेला कळलं की तुम्ही पेरणीसाठी गावाकडं गेलाय. तुमच्याकडं फोन नाही, म्हणून इथं सगळ्यांच्या देखत लिहितोय. बेळगावातल्या कुणी ओळखलं तर त्यांनी कृपा करून हे मामांपर्यंत पोचवावं. नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं त्या तासाभरात समजलं.

ओळख पटावी म्हणून सांगतो. मे महिना, शनिवारची सकाळ, सेंट मेरी चर्च. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, असे एक म्हातारे आणि त्यांच्या दंडाला धरून मी. आत होतो तेवढ्यात वळवाचा पाऊस कोसळला होता. आता आठवलं असेल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आता एकोणऐंशीचे आहेत. सतरा वर्षांचे असताना, म्हणजे 1963 साली, ते कॅम्पातल्या बंगल्यांवर पेपर टाकायला लागले. भाड्याची सायकल, पुढच्या दांड्यावर पेपरांचा गठ्ठा. आठ वर्षं रोज पहाटे ते तुमच्या चर्चवरून जात होते. पलटणीचा बिगुल वाजला की आपण चर्चच्या फाटकापाशी असायला पाहिजे, नाहीतर उशीर झाला, असा त्यांचा हिशेब होता. त्या आठ वर्षांत ते एकदाही आत गेले नाहीत. कुणी अडवलं नव्हतं. आपल्यासारख्यानं तिथं जायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं, एवढंच ते म्हणतात. पुढं वडगावला मागावर बसले आणि शहापुरी साड्या विणता विणता पाठ, गुडघे आणि डोळे तिन्ही त्या मागानं घेतले. आता त्यांना माणसाचा चेहरा दिसत नाही. उजेड दिसतो, रंग दिसतात, आकार पुसट दिसतो.

या उन्हाळ्यात एकदा जेवताना ते म्हणाले, "पूर्ण जायच्या आधी एकदा सगळं बेळगाव चालून बघायचंय रे. आणि त्या चर्चमध्ये जाऊन यायचंय."

सगळं आम्ही आमचं आमचं चाललो, ते हौसेनं नव्हे. आधी एकाला सांगितलं होतं. जुनं बेळगाव पायी फिरवून दाखवतो, अशी त्याची जाहिरात होती. सहाशे रुपये आगाऊ घेतले. ठरल्या दिवशी आप्पा साडेपाचला उठून, आंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसले. नऊ वाजेपर्यंत बसले. फोन बंद. पैशांचं जाऊ दे. पण तेवढ्या वेळात आप्पांनी एकदाही टोपी काढली नाही, माणूस कधीही येईल म्हणून, आणि ते आत कणकेचा डबा उघडत असलेल्या माझ्या बायकोला खिडकीतून दिसत होतं. मग एका कचेरीत नकाशा मागायला गेलो, तर उद्या या, परवा या. आणि एका ठिकाणच्या राखणदारानं आप्पांच्या तोंडावर मला सांगितलं, "यांना काही दिसत नाही तर कशाला फिरवताय? घरी बसवा की." आप्पा काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "जाऊ दे, परत जायचं नको." ते शब्द अजून माझ्या कानात आहेत.

शेवटी मीच वहीच्या पानावर यादी केली, आप्पांनी क्रम सांगितला, आणि रोज सकाळी थोडं थोडं असं आम्ही निघालो.

पहिला दिवस किल्ल्याचा. दारातल्या गणपतीला आणि दुर्गादेवीला हात जोडून आत गेलो. सफा मशीद बाहेरूनच बघितली. बिजापूरकरांचा सरदार असदखान लारी, त्यानं बांधलेली. मग कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज यानं 1204 साली उभी केलेली. आत नेमिनाथ आणि मंडपाच्या छताला दगडाचं उलटं कमळ. 72 पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. आप्पांना वर फक्त काहीतरी गोल, काळसर दिसत होतं. मी मोजत गेलो आणि ते मान वर करून ऐकत राहिले. अठ्ठावन्न-एकोणसाठला माझी चुकामूक झाली, तर म्हणाले, पहिल्यापासून घे. मागावर धागा चुकला तर उसवायचाच, ही त्यांची सवय. परत पहिल्यापासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं.

खरं सांगतो मामा, मी फाटकातच थांबलो होतो. राखणदाराचं ते बोलणं ताजं होतं. पुन्हा आप्पांना कुणी काही बोललं असतं तर मला सहन झालं नसतं. तुम्ही खराटा घेऊन वाळलेली पानं लोटत होता. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. आप्पांकडं बघून म्हणालात, "या की ओ काका, आत बसा जरा. उघडतो मी." त्यावर आप्पांनी कानडीत विचारलं, आत यायचं का? तर तुम्ही "बन्नी, बन्नी" म्हणालात आणि पुन्हा मराठीवर आलात. मग तासभर तेच चाललं होतं. तुमची घरची भाषा कोकणी, शिक्षण कानडी, आणि तुम्ही बोलत होता मराठी. आप्पांची मराठी आणि ते तुम्हाला कानडीत उत्तरं देत होते, "हौद्री, हौद्री" करत. आमच्या या गावात पाट्यांवरच्या अक्षरांसाठी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. तुम्हा दोघा म्हाताऱ्यांना मात्र समोरच्याचीच भाषा बोलायची घाई होती.

पायरीपाशी आप्पांनी चपला काढल्या. तुम्ही म्हणालात, "इथं चपला चालतात काका, घालून या." आप्पा म्हणाले, "देवाच्या घरात मी नाही घालत." तुम्ही दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. तेही मला आवडलं.

आतलं काय लिहू? 1869 सालचं ते चर्च, दगडी, टोकदार कमानींचं, बाहेरचं ऊन दारातच थांबवणारं. तुम्ही आप्पांना मधल्या बाकावर बसवलंत आणि रंगीत काचांच्या खिडकीकडं त्यांचं तोंड केलंत. मी सांगायला लागणार होतो की त्यात कोण आहे, काय चितारलंय. तुम्ही मला हातानं थांबवलंत. थोड्या वेळानं आप्पाच बोलायला लागले, "ह्यो मोरपंखी. त्याला लागून डाळिंबी. वर चिंतामणी रंग आहे, होय ना?" पन्नास वर्षं ज्यांनी काठाला रंग लावले, त्यांना चेहरे नसले तरी रंग पुरे होते. साठ वर्षांपूर्वी फाटकावरून सायकल हाणणारा पोरगा शेवटी आत येऊन बसला होता, आणि काचेवर काय आहे हे तोच आम्हाला सांगत होता.

तेवढ्यात अंधारून आलं. वारा सुटला, विजा, आणि मग तो पाऊस. वळीवच तो, पण दहा मिनिटांत आवारात पाणीच पाणी. तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं, खिडक्या बघायला गेला असाल.

पाऊस थांबल्यावर आम्ही दाराशी आलो आणि मला धस्स झालं. चपला उघड्यावर होत्या. आप्पांची कोल्हापुरी आहे, अथणीच्या कारागिराच्या हातची, चार वर्षं तेल पाजून सांभाळलेली. कातडं भिजलं की कडक होतं आणि त्यांच्या टाचेला भेगा आहेत. मी पायरीवर बघतो तर चपला नाहीत. आणि मग दाराच्या आतल्या बाजूला दिसल्या.

तुम्ही त्या आत आणल्या होत्या, हे झालं पहिलं. पुसल्या होत्या, तुमच्या खांद्यावरच्या टॉवेलानं, टॉवेलावर लाल मातीचे डाग होते. खाली गोणपाट अंथरलं होतं, ओल्या फरशीवरून आप्पांचा पाय घसरू नये म्हणून. चपला फिरवून ठेवल्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्यांना वळावं लागू नये. आणि डावी चप्पल उजवीच्या चार बोटं पुढं होती.

त्या चार बोटांपाशी मी अडकलोय, मामा. आप्पांचा उजवा गुडघा वाकत नाही. ते आधी डावा पाय पुढं टाकतात, काठीवर भार देतात, मग उजवा ओढून घेतात. तुम्ही त्यांना एकदाच पायरी चढताना पाहिलं होतं. एकदाच. मी त्यांचा मुलगा, सोळा वर्षं रोज त्यांच्या चपला ठेवतोय, आणि त्या शेजारी शेजारी ठेवतोय. त्यांना दर वेळी पायानं चाचपून डावी शोधावी लागते हे मी बघत होतो, पण ती चप्पल जरा पुढं सरकवावी हे मला कधी सुचलं नाही.

आप्पांनी पाय टाकला, तो नीट चपलेतच गेला. दुसरा टाकला, तोही. ते थांबले. मग काठीनं गोणपाट चाचपलं आणि विचारलं, "कुणी ठेवल्या ह्या?" तुम्ही तोवर परत खराटा घेऊन पाणी लोटत होता. मी चहासाठी पन्नासाची नोट पुढं केली, त्याबद्दल मला माफ करा. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, "काकांना सावकाश न्या, पुढं उतार आहे."

त्यानंतरही आमचं फिरणं झालं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहिली. 1924 च्या डिसेंबरात गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले त्याला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ती खणली होती. कपिलेश्वराला अभिषेक केला. रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरासमोर मात्र आप्पा बराच वेळ उभे राहिले. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून आले ते आधी इथं, वकील सदाशिवराव भाट्यांकडं तीन दिवस राहिले, आणि मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडं. शिकागो व्हायला अजून वर्ष होतं, त्यांना इथं कोण ओळखत होतं? जेवणानंतर त्या संन्याशानं विडा मागितला, घरच्यांना नवल वाटलं, पण विडा दिला. आप्पांना ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दिवशी ती सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भाट्यांनी विचारलं नाही तू कोण, कुठला. कॅम्पातल्या त्या माणसानं पण नाही विचारलं." आमच्या आप्पांना विवेकानंदांशेजारी बसवायचं नाहीये, तुम्ही समजून घ्याल. पण दारात आलेल्याला आधी आत घ्यायचं आणि मग बघायचं, ही रीत या गावात होती, आणि ती तुमच्या फाटकापाशी अजून आहे.

हल्ली घरी कुणीही आलं की आप्पा चर्चची गोष्ट सांगतात. काचांचे रंग दोन वाक्यांत होतात, चपलांना दहा मिनिटं लागतात. माझी सातवीतली मुलगी रात्री झोपायच्या आधी त्यांच्या चपला दाराशी लावते, डावी पुढं. बोटं घालून मोजते.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं ते. घरी परत येताना रिक्षात आप्पांनी मला विचारलं होतं, "त्या मामांच्या पायातली तार फरशीला घासत होती, ऐकलीस काय?" मी ऐकली नव्हती. मी बघितलीही नव्हती. तुमच्या उजव्या स्लीपरचा पट्टा तुटलाय आणि तो तुम्ही तारेनं बांधलाय, हे डोळे गेलेल्या माणसाला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अथणीला त्यांच्या त्या कारागिराला माझ्याकडून फोन लावून घेतला. दुहेरी तळाची, मऊ कातड्याची, पावसाळा संपल्यावर घालायची, असं सगळं सांगून झालं आणि गाडी मापापाशी अडली. आप्पांचा अंदाज आठ नंबर. पावलाच्या आवाजावरून म्हणतात. मला नऊ वाटतो.

नको म्हणू नका, मामा. पेरणी आटपून आलात की चर्चच्या फाटकापाशी एका कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड आखून ठेवा, दोन्ही पायांची. आम्ही रविवारी दहाला येतो, येताना कुंदा आणतो. कागद तेवढा भिजू देऊ नका.

तुमचा,
आप्पांचा मुलगा
शहापूर, बेळगाव