जिरं काठीनं बडवतात

प्रिय मित्रा,

सलाम.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, आणि दोन वर्षं मनात तेच टोचत राहिलं. आज मात्र राहवेना. रविवारी देवळात जे झालं ते इथं कुणाला सांगितलं तर लोक माझी समजूत काढतील. मला समजूत नको. तू भांडशील, आणि मला तेच हवंय. तब्येत बरी आहे, साखर थोडी वर असते, बाकी काही नाही.

दादाच्या बागेवर गारा पडल्या. पंधरा-वीस मिनिटंच, पण मण्यांत साखर उतरलेली, सौदा ठरलेला, दोन दिवसांवर तोड. मी पोचलो तेव्हा तो मांडवाखाली उकिडवा बसून खाली पडलेले घड क्रेटमध्ये भरत होता. चिरलेल्या मण्यांतून रस गळून घड चिकट झालेले, वर मधमाश्या. म्हटलं, ‘दादा, राहू दे, याचं आता काय होणार?’ तर म्हणाला, ‘पायाखाली येतात रे.’ तुला तो माहीत आहे. तो एवढंच बोलणार.

आणि पुढच्याच रविवारी उपदेशकांनी बायबलातल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडला. विळा चालवा, पीक तयार आहे. या, तुडवा, द्राक्षकुंड भरलं आहे. म्हणाले, मंडळीनं दशांश चुकवला, देवानं विळा चालवला, डोळे असतील त्यानं बागांकडे पाहावं. दादा तिसऱ्या बाकावर, मान खाली. घरी आल्यावर त्यानं चप्पल काढता काढता विचारलं, ‘तू शिकलायस. खरंच तसं लिहिलंय का?’

मी ताडकन ‘नाही’ म्हणालो. तेव्हापासून झोप नाही.

योएलपुरतं माझं ‘नाही’ पक्कं आहे. तिथला विळा यहोशाफाटाच्या खोऱ्यात जमलेल्या राष्ट्रांवर आहे. यहूदाची माणसं ग्रीकांना विकणाऱ्यांवर, पोरगी देऊन द्राक्षारस घेऊन प्यायलेल्यांवर. द्राक्ष पिकवणाऱ्यावर नाही! तो त्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे: टोळांनी वेल खाल्लाय, अंजिराची साल सोललीय, गहू-जव गेलाय, आणि शेतकरी रडतोय. तिथं याजकांना काय सांगितलंय? गोणपाट नेसा. देवडी आणि वेदी यांच्यामध्ये उभे राहून रडा, म्हणा, परमेश्वरा, तुझ्या लोकांना सोड. पीक गेलेल्या माणसासमोर याजकाला दिलेलं काम रडण्याचं आहे रे. मी आमच्या उपदेशकांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दुसरा संदेष्टा आमोस, त्याचं तर तुला काय सांगू. पिकलेल्या फळांची टोपली, हिब्रूत ‘कायित्स’, आणि लगेच ‘केत्स’, शेवट. सरांनी वर्गात दाखवायला टोपलीभर अंजिरं आणली होती आणि तास सुरू व्हायच्या आत निम्मी तुझ्या पोटात! वर सरांनाच म्हणालास, ‘टोपली संपली म्हणजे केत्स आलाच की.’ सर इतके हसले की तास बुडाला. पण प्राचीन इस्राएलातल्या गेझेर गावच्या त्या चुनखडीच्या पाटीचं चित्र खोलीत लावणाराही तूच. 1908 साली सापडलेली, वितभरही नसलेली पाटी, वर्षाची शेतीची कामं ओळीनं खोदलेली, आणि शेवटच्या ओळीत उन्हाळी फळांचा महिना. फळाचं स्पेलिंग तिथं ‘केत्स’सारखंच. आमोस ज्यांच्यापुढं बोलला त्या उत्तरेच्या इस्राएलातल्या माणसाच्या कानाला फळ आणि शेवट हे एकच ऐकू येत असणार, हे तू मला पहाटे उठवून सांगितलं होतंस. मी तेव्हा चिडलो होतो. आज ते आठवून बरं वाटतं.

पण त्या टोपलीखाली आमोस नावं कुणाची घेतो? एफा म्हणजे धान्याचं माप लहान आणि शेकेल म्हणजे वजन जड करणाऱ्यांची, खोटा तराजू धरणाऱ्यांची, गव्हाचं भूस विकणाऱ्यांची. दोन वर्षांपूर्वी दादाचा माल उचलून जो व्यापारी पैसे न देता पसार झाला, त्याच्यासाठी ती टोपली आहे. त्याच्यावर एकही उपदेश ऐकला नाही मी.

रात्री यशया संदेष्ट्याचा अठ्ठाविसावा अध्याय काढून बसलो. शेतकरी कलौंजीवर मळणीचं अवजार फिरवत नाही, जिऱ्यावरून गाडीचं चाक नेत नाही. ती काठीनं बडवतात. भाकरीचं धान्य मळावं लागतं, पण तेही कायम मळत बसत नाहीत. हे शहाणपण त्याला देवानं शिकवलं म्हणे. आई धने बडवायची ते आठवलं. गोणपाटावर जुड्या, हातात तुरीची बारीक काठी. मी एकदा जोरात हाणलं तर हात धरून म्हणाली, ‘फुटतील ना, बी आहे ते.’

आणि मग दिसलं ते तुलाच सांगतो. तिथं काठीला हिब्रू शब्द आहेत ‘मत्ते’ आणि ‘शेवेत’. यशयाच्याच दहाव्या अध्यायात अश्शूरच्या साम्राज्याला देवाच्या रागाची काठी म्हटलंय, तिथंही हेच दोन, ‘शेवेत’ आणि ‘मत्ते’. आणि बडवण्याचं क्रियापद ‘हावत’. रूथच्या पुस्तकात ती विधवा रूथ सरवा वेचून संध्याकाळी जव बडवते, तेच. मोशेच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात जैतून एकदाच झोडपा, उरलेलं उपऱ्याला, पोरक्याला, विधवेला असू द्या, तिथंही तेच. म्हणजे न्यायाची काठी हातात धरणारा दाणा फुटू नये म्हणून बघतोय. मला रात्री दोन वाजता रडू आलं.

आता तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. ‘तुला नखं काढलेला वाघ हवाय.’ वसतिगृहाच्या जिन्यात म्हणाला होतास, आणि आपण आठवडाभर बोललो नव्हतो. कारण आमोसाच्या चौथ्यात देव स्वतः म्हणतो, मी तांबेऱ्यानं मारलं, द्राक्षमळे, अंजीर, जैतून टोळांनी खाल्ले, तरी तुम्ही वळला नाहीत. आणि हग्गय संदेष्टा! इ.स.पू. 520, यरुशलेमचं मंदिर ओस, लोक आपापली घरं सजवतायत, आणि दुसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात चक्क गारा. तुमच्या हातच्या कामावर मी गारा पाडल्या. उपदेशकांनी चुकीचं पान उघडलं म्हणून मी सुटलो. हग्गय उघडला असता तर दादाला मी काय सांगितलं असतं?

त्याच हग्गयात दोनच वचनं पुढे आहे, बी अजून कोठारात आहे का? वेल, अंजीर, डाळिंब, जैतून अजून फळले नाहीत. आजपासून मी आशीर्वाद देईन. पण दादा सतराव्यावर थांबला तर? तो थांबेल. मी त्याला ओळखतो.

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, येतोच. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? धाकट्याची नोकरी?

पंचनामा झालाय. पंधरवड्यात खरड छाटणी लागेल, मी दादाकडे राहायला जाणार आहे. कात्री चालवताना तो पुन्हा विचारेल. तुझं पत्र त्याआधी येऊ दे. शिव्या घाल, पण सतराव्या वचनाचं लिही.

तुझाच