शिबिर झाले, नेतृत्वाचे काय?

महोदय,

कालच्या अंकात ‘नेतृत्वगुण विकास शिबिर उत्साहात संपन्न’ ही बातमी चार रकानी फोटोसह पाहिली. फोटोत दीपप्रज्वलन करणारे मान्यवर ७, विद्यार्थी एकही नाही. असो. बीएमएस-एमएमएस या व्यवस्थापन अभ्यासक्रमांची २०० मुले आणि वेळ ६ तास, हे बातमीतच आहे. प्रत्येकाला एक मिनिट बोलू द्यायचे म्हटले तरी ३ तास २० मिनिटे गेली. वर भाषणे, सत्कार, जेवण. उरल्या वेळात मुलांनी म्हणे रद्दी पेपरांचा मनोरा उभारला. चला, आपल्या जुन्या अंकांचे चीज झाले!

नेतृत्व शिकायची खरी संधी या मुलांच्याच कॉलेजांत वार्षिक महोत्सवात असते आणि तिथेच ती हिरावली जाते. कमिटी मुलांची, बिल्ले मुलांचे. पण मंडपवाला सर ठरवतात, प्रायोजकाचा चेक ऑफिसात जातो आणि साउंडवाल्याला ॲडव्हान्स कधी मिळणार, हे संयोजक मुलीलाच ठाऊक नसते. तो पैशांशिवाय टेम्पोतून स्पीकर उतरवत नाही, तेव्हा बोलणी मात्र तिने खायची. पुढच्या वर्षी ती कमिटीत नावच देत नाही.

त्यापेक्षा पाच-सहा जणांच्या गटाकडे एकच स्पर्धा द्या, सोबत १०,००० रुपये. तीन कोटेशन, तुलनातक्ता, ॲडव्हान्स किती, बाकी कधी, पावत्या, सगळे त्यांनीच बघायचे. शिक्षकाने खर्चाची मर्यादा आणि सुरक्षितता यांपलीकडे हात घालू नये. बैठकीचे इतिवृत्त त्याच रात्री: काम, कोणाकडे, कधीपर्यंत. तीन रकाने पुरतात. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत तासभर बसून चारच प्रश्न घ्यायचे. काय ठरले होते, काय झाले, फरक का पडला, पुढे काय बदलायचे. आठवडा उलटला की सगळ्यांना फक्त ‘मजा आली’ एवढेच आठवते. हा तास सहसा कोणी ठेवत नाही. त्यात हार घालायला पाहुणा नसतो.

गटप्रकल्पाच्या गुणांचे तर विचारूच नका. गटाला सरसकट सारखे गुण दिले की दोघे राबतात आणि बाकीचे पीपीटीवर नाव घालतात. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून मोजले होते. हात वाढतात तसा प्रत्येकाचा जोर घटतो. ते छापून आले १९१३ साली! मुलांना उघडपणे एकमेकांना गुण द्यायला सांगितले, तर दहापैकी दहा वाटून मोकळी होतात. म्हणून प्रत्येकाने उरलेल्यांत १०० गुण वाटायचे, समान वाटणी चालणार नाही, पाकीट बंद, आणि दर आकड्यापुढे एक ओळ कारण. गटप्रमुख तीन आठवड्यांनी बदलावा, नाहीतर मोठ्या आवाजाचा मुलगा सेमिस्टरभर गादीवर. रात्र जागून सगळ्यांचे काम एकटाच उरकणाऱ्या प्रमुखाचे तर गुण कापावेत. आज नेमके त्याचेच कौतुक होते.

पाहुणा हवाच असेल तर तुर्भ्याच्या मार्केटमधला माथाडी टोळीचा मुकादम बोलवा. गाडी लागली की कोणी पाठीवर घ्यायचे, कोणी थप्पी लावायची, न आलेल्याच्या जागी कोण, हे तो उभ्या उभ्या ठरवतो.

जाता जाता: या शिबिराचे फ्लेक्स नेरुळ स्टेशनबाहेरच्या पदपथावर अजून तसेच आहेत, माणसे रस्त्यावरून चालतात. परवानगी होती का, हे आपल्या बातमीदाराने महापालिकेत विचारून छापावे. चार रकाने नकोत, चार ओळी चालतील.

– एक वाचक, नेरुळ