नोटिशीचं उत्तर देण्याआधी हे वाच

चि. मनू,

काल फोनवर तू "काही नाही हो बाबा, साधी नोटीस आहे" म्हणालीस आणि लगेच आईच्या गोळ्यांवर आलीस. कारणे दाखवा नोटीस साधी नसते गं. माझी अख्खी नोकरी आस्थापना शाखेत गेली, फाईल एकदा उघडली की ती किती वर्षं कपाटात जिवंत राहते हे मी पाहिलंय. सुधीरचं काय झालं तुला माहितीय, ते परत काढत नाही.

ज्या लेखावरून तुला ही नोटीस आली, तो पेपरातला लेख मी पुन्हा वाचला. तुझ्या लेखात चुकीचं एकही वाक्य नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 27 तू बरोबर दिलंयस, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांना शिक्षक घेता येतो. बाकी त्या ऑनलाइन माहित्या आज भरा, उद्या परत भरा, त्यात चौथीच्या मुलांचा भागाकार राहून गेला, हे तू लिहिलंस ते खरंच आहे. पण मथळा! तो तू दिला नव्हतास, पेपरवाल्यांनी दिला, आणि वरच्या लोकांनी बहुतेक तेवढाच वाचला असणार. लेखापेक्षा मथळाच जास्त बोचतो.

म्हणून सांगतो, उत्तर छोटं लिही. रागात लिहू नकोस. तू संपादकांना जो मूळ मजकूर मेल केलास त्याची प्रिंट जोड, म्हणजे मथळा त्यात नव्हता हे दिसेल. आणि उत्तर देताना आपल्या कॉपीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. तोंडी "ठेवा इथे" म्हटलं तर ठेवू नकोस. वर्तणूक नियमांत शासनाच्या धोरणावर टीकेचं कलम असतं, ते आधी नीट वाच, त्यातला शब्द न् शब्द वाच, मुदत कधी संपते ते बघ, आणि...

झालं, परत लेक्चर सुरू झालं माझं. सॉरी. तू पोरं सांभाळतेस, मी अजून तुलाच सांभाळत बसतो.

मागे तुझ्याकडे राहिलो होतो तेव्हा रात्री वह्या तपासून झाल्यावर तू मोबाईलवर अंगठ्याने लेख टाइप करत बसायचीस. एका मुलाबद्दल लिहीत होतीस, नाव बदललं होतंस, तरी मला विचारलंस, "बाबा, दप्तराचा तुटका पट्टा लिहिला तर गावात ओळखतील ना त्याला?" आणि मी काही बोलायच्या आत ते वाक्य खोडलंस. लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते. मी आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आपली पोर मास्तरीण आधी आणि लेखिका नंतर आहे. तुला बोललो नाही तेव्हा, आता बोलतो.

शाळेत असताना तू मुक्ता साळवेवर भाषण केलं होतंस, आठवतं? फुल्यांच्या शाळेतली मुलगी, तिचा निबंध 1855 मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आला. भाषण पाठ करताना तू मला विचारायचीस की तिला छापायला भीती नाही का वाटली. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण प्रश्न आठवतो, आणि हल्ली रात्री जास्तच आठवतो. आपल्याकडे शिकवणं आणि पेपरात लिहिणं जोडीनंच चालत आलंय. टिळक आणि आगरकर 1880 मध्ये चिपळूणकरांबरोबर शाळा काढतात, पुढच्याच वर्षी केसरी, आणि 1882 मध्ये दोघं 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात. चिपळूणकर त्याआधी सरकारी शाळेत होते, त्यांचं निबंधमाला हे मासिक चालू होतं आणि त्यांची बदली रत्नागिरीला झाली, शेवटी नोकरी सोडली त्यांनी. बघ, मला अभिमानाचं लिहायचं होतं आणि मी बदलीवर आलो. ताईआत्या म्हणते तसंच, तुझ्या बाबतीत माझं मन दुसरीकडे जातच नाही.

लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. तू लिहिणं बंद केलंस तर मलाच करमणार नाही, रविवारी पेपर आला की आई आधी तुझं पान मागते. फक्त तुझी बदली कुठे लांब झाली आणि ही चौथीची पोरं मध्येच सुटली तर तुला किती लागेल, ते मला माहितीय. नोकरीचं एकवेळ बघून घेऊ.

उत्तराचा मसुदा झाला की व्हॉट्सॲपवर पाठव, रात्री कितीही वाजले तरी चालेल, मी जागाच असतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस, मध्ये सुट्टी आली की ऑफिसात कुणी भेटत नाही. आणि यावेळचा लेख द्यायचा की नाही ते तू ठरव. दिलास तर मथळा काय लावणार ते आधी फोन करून विचार.

तुझे,
बाबा

ता.क. आईची शुगर ठीक आहे. तिला नोटिशीचं मी अजून सांगितलेलं नाही, तूही एवढ्यात सांगू नकोस.