दुसरा फ्लॅट घेण्याआधी

पुणे

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट पाहिली. रंग छान दिलेत. बालेवाडीचा फ्लॅट ९५ लाखांचा, भाडं ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. आणि दुसरा घेतला की सगळं दुप्पट. बेरीज बरोबर आहे, पण खर्चाचा रकाना कुठंय? तो मीच भरते, कारण तू म्युनिकला आणि तो पैसा माझ्या हातून जातो.

सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४ हजार, तो मालकाने भरायचा. वर्षाचे झाले ४८ हजार. मिळकतकर २० हजारांच्या घरात. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती गेली. भाडेकरू बदलला की एजंट एक महिन्याचं भाडं घेतो आणि मधला एक महिना घर रिकामं राहतं. प्लंबर, रंग, गीझर मिळून २० हजार धर. उरले २ लाख १२ हजार, म्हणजे फ्लॅटच्या किमतीच्या जेमतेम सव्वादोन टक्के. ६० लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ५२ हजार होतो. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असं तू फोनवर म्हणालास. प्रत्यक्षात महिन्याला ३४ हजार तूच घालतोयस.

किंमत वाढेल म्हणशील. वाढेलही. पण विकल्याशिवाय ती हातात येत नाही, आणि विकणाऱ्यातले आपण नव्हे. बाबांची स्कूटर अजून पार्किंगमध्ये उभी आहे.

तरीही घे म्हणेन, फक्त हा धंदा आहे हे समजून घे. आणि धंद्यात सगळ्यात महाग पडतो तो रिकामा महिना. मागच्या वेळी एका जोडप्याने २९ हजार सांगितले तेव्हा तू ३० वर अडून बसलास. अकरा महिन्यांत हजाराच्या फरकाने ११ हजार मिळाले असते. घर एक महिना पडून राहिलं तर ३० हजार जातात, वर मेंटेनन्स आहेच. म्हणून मी तुला न विचारता त्यांना होकार कळवला. ते अजून राहतात, भाडं पाच तारखेच्या आत येतं, आणि दर नव्या करारात पाच टक्के वाढ देतात. असा भाडेकरू मिळाला की दोन हजारांसाठी त्याला हलवायचं नाही.

माणूस पाहताना मी नोकरीचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागते. आधीच्या मालकाशी पाच मिनिटं बोललं की पुष्कळ कळतं. एजंट हमखास विचारेल, ‘मॅडम, व्हेज फॅमिलीच पाहिजे ना?’ त्याला सांगायचं, पगार आणि कागद बघ, ताटात काय आहे ते बघू नकोस. बॅचलर मुलांना मी देते. सोसायटीवाले कुरकुर करतात, करू देत.

कागदाच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात आजोबांचे भाडेकरू महिना पंचेचाळीस रुपयांवर कसे राहिले ते तू ऐकलंयस. १९४७ च्या भाडे कायद्यापुढे आजोबांचं काही चाललं नाही. आता महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे आणि लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, दिलेल्या घराची मुदत संपली की ते परत मागता येतं. सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं, दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण करार लेखी आणि नोंदवलेला हवा. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नकोस. आपल्याकडे नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करत आपण बसायचं. खर्च तरी किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून त्या रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, तुझ्या फ्लॅटला ते हजाराच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटचा मुलगा मशीन घेऊन घरी थंब घ्यायला येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची, ती त्याच दिवशी.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, त्याबद्दल एवढंच, की २००१ पासून सरकारी आदेश आहे: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मागे एका सोसायटीने सरसकट दोन हजार लावले होते. मी परिपत्रकाची प्रत सेक्रेटरींच्या हातात दिली, पुढच्या बिलात आकडा बदलला.

घर ताब्यात देताना आणि घेताना मी स्वतः जाते. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा, महावितरणचं बिल आणि गॅसचं बिल भरल्याच्या पावत्या बघायच्या, मगच डिपॉझिटचा विषय. चाव्या किती दिल्या ते करारातच लिहायचं. आणि बाथरूममध्ये जाऊन खाली वाकून बघायचं. टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट निघालं असेल, नहाणी ट्रॅपभोवती बोटाने दाबल्यावर चिरा दिसल्या, तर पाणी स्लॅबमध्ये मुरायला लागलंय असं समज. वर काहीच दिसत नाही, चार महिन्यांनी खालच्यांच्या बेडरूमच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात. आपल्या बाथरूममधली गळती, म्हणजे खर्च आपला. सांधे वेळेत भरले तर तीन-चार हजारांत भागतं, नाहीतर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, आणि तेवढे दिवस भाडेकरूने आंघोळ कुठे करायची? हे म्युनिकहून दिसणार नाही, एजंटही वाकून बघणार नाही.

आता तुझ्या अनिवासी असण्याचं. मालक परदेशात असला की भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापून भरायचा असतो, रक्कम कितीही असो, साधारण ३१.२ टक्के. ३० हजारांतले ९ हजारांवर असे जातात. बरेच भाडेकरू हे ऐकून काढता पाय घेतात, म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. खरा कर तेवढा बसत नाही: भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, मग कर्जाचं व्याज, तुझ्या बाबतीत खाली शून्यच उरतं. पण कापलेला पैसा रिटर्न भरल्यावरच परत येतो. कमी दराने कापण्याचा दाखला आयकर विभागाकडून मिळतो, त्यासाठी सीएंना एप्रिलमध्येच गाठ, मार्चमध्ये आठवण होते तुला. भाडं एनआरओ खात्यातच घे, म्हणजे अनिवासींच्या इथल्या उत्पन्नासाठी असतं त्या खात्यात.

दुसऱ्या फ्लॅटबद्दल विचारशील तर हिंजवडीपलीकडच्या त्या टॉवरमध्ये घेऊ नकोस. स्विमिंग पूल आहे, क्लब हाऊस आहे, त्यांचा मेंटेनन्स मालकच भरतो आणि एकाच वेळी शेकडो मालक भाडेकरू शोधत असतात. त्यापेक्षा कोथरूडला, रिक्षाने मला दहा मिनिटांत पोहोचता येईल असा, जुन्या पण कन्व्हेयन्स झालेल्या, म्हणजे जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या, सोसायटीतला वन बीएचके बघ. लिफ्ट असली पाहिजे. पाण्याचा टँकर किती दिवस येतो ते वॉचमनला विचारायचं, सेक्रेटरींना नाही. तसे दोन मी पाहून ठेवलेत. एकाला पश्चिमेची भिंत ओलसर आहे, म्हणून पावसाळा झाल्यावरच ठरवू.

तोवर एक काम कर. माझ्या नावाच्या कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वकिलांनी दिलाय, उद्या मेल करते. तो तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत कुरिअरने पाठव. इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. पासपोर्टवरचं नाव आणि फ्लॅटच्या करारावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते मात्र आजच बघ. बाबांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आहे आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं मला आठवतंय.

तुझी,
आई