मागे काही नाही, समाध्या आहेत फक्त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आम्ही घरातले पाचही जण, म्हणजे मी, आमचे हे, सासूबाई आणि दोन्ही मुलं, थेऊर आणि परत येताना आगाखान पॅलेस असं करून आलो. तिथं एक वाक्य कानावर पडलं ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र लिहितेय.

पॅलेसच्या आतल्या खोल्या बघून आम्ही बाहेर पडत होतो. शाळेची एक सहल आली होती, सातवी-आठवीतली मुलं असतील. त्यातल्या एका मुलीनं सरांना विचारलं, सर मागच्या बाजूला काय आहे, तर सर घड्याळ बघत म्हणाले, "मागे काही नाही, समाध्या आहेत फक्त, चला चला बसमध्ये बसा." आणि पोरं गेली. मला सरांना दोष द्यायचा नाही, पन्नास-साठ मुलांना सांभाळून वेळेत परत न्यायचं म्हणजे काय असतं ते मला माहितीये. पण ती मुलगी मान वळवून मागे बघत बघत गेली ते मी पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

सकाळी आम्ही थेऊरला होतो. अष्टविनायकातला आपल्या पुण्याला सगळ्यात जवळचा गणपती, सोलापूर रोडनं लोणीच्या पुढे थेऊर फाट्याला आत वळलं की आलंच. सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा जोडीनं इथंच आल्या होत्या, त्यामुळे गाडीत कपिल मुनी, गणासुर आणि चिंतामणी रत्नाची गोष्ट मुलांना त्यांनीच सांगितली. दर्शन छान झालं. मग सभामंडपात बसलो तेव्हा मुलाला मी सांगितलं की हा लाकडी मंडप थोरल्या माधवरावांनी बांधला, आणि शेवटच्या आजारपणात ते इथंच चिंतामणीपाशी येऊन राहिले होते. पानिपत झालं १७६१ मध्ये, त्याच वर्षी वडील गेले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी हा मुलगा पेशवा झाला. निजाम, हैदर, घरातले काका, सगळं निस्तरलं, रामशास्त्र्यांसारखा माणूस न्यायासनावर बसवला आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला क्षयानं गेला, अठ्ठाविसावं चालू होतं. माझा मुलगा चौदाचा आहे. तो म्हणाला, म्हणजे अजून दोन वर्षांनी मी पेशवा? आणि मग तो बराच वेळ गप्पच होता.

दर्शन झालं की बहुतेक लोक बाहेर प्रसाद घेतात आणि गाडीत बसतात. आम्हीही आजवर तेच करत आलो. या वेळी सासूबाईच म्हणाल्या, नदीवर जाऊन येऊ. मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंची समाधी आहे, माधवरावांच्या मागे त्या सती गेल्या. त्या प्रथेचं कौतुक कुणी करू नये, मीही करत नाही, मुलीला मी तसं स्पष्ट सांगितलं. पण ती बाई होऊन गेली, इथंच गेली, एवढं तरी आपल्याला माहिती हवं ना. सासूबाईंनी हात जोडले. दुर्वांची जुडी घेतली होती, तिच्यातल्या थोड्या दुर्वा त्यांनी देवाला न वाहता रुमालात बांधून ठेवल्या होत्या, कशासाठी ते तेव्हा मला कळलं नाही.

तिथून केसनंद, वाघोली करत नगर रोडला लागलो. वाटेत एका झाडाखाली थालीपीठ-दही खाल्लं आणि दुपारी तीनच्या सुमारास पॅलेसला पोचलो.

वास्तू देखणीच आहे, प्रश्नच नाही. कमानी, लांबलचक व्हरांडे, समोर हिरवळ. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये हा बांधला, दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, हे वाचून आमचे हे खूश झाले कारण त्यांना असल्या गोष्टी आवडतात. हिरवळीवर भरपूर लोक फोटो काढत होते, काढावेत की, आम्हीही काढले. मुलीला मात्र कोडं पडलं होतं की एवढा सुंदर राजवाडा आणि तुम्ही म्हणता गांधीजींना इथं कैदेत ठेवलं होतं, कैद अशी असते का? तिला सांगितलं की तेव्हा भोवती काटेरी तारा होत्या, पहारा होता, आणि ज्या घरातून आपल्या मर्जीनं बाहेर पडता येत नाही तो राजवाडा असला तरी तुरुंगच.

९ ऑगस्ट १९४२ ला, म्हणजे चले जाव ठरावाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मुंबईत गांधीजींना पकडलं आणि इथं आणलं. महादेवभाई देसाई बरोबर होते, सरोजिनी नायडू, मीराबेन होत्या, कस्तुरबा पाठोपाठ आल्या. आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकारानं गेले. पन्नाशीचे होते. पंचवीस वर्षं सावलीसारखे बरोबर राहिलेले आपले सेक्रेटरी, त्यांना गांधीजींनी स्वतःच्या हातानं शेवटची आंघोळ घातली. पुढे पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र झाला आणि ते बघायला हा माणूस नव्हता. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो, जिलेबी आणतो, पण पुण्यातल्या किती घरांत महादेवभाईंचं नाव निघतं?

बा, म्हणजे कस्तुरबा, तर इथं दीड वर्षाच्या वर होत्या. सत्तरी ओलांडलेल्या बांना गांधीजी इथं भूगोल शिकवायचे, गुजराती शिकवायचे. हे ऐकून माझी मुलगी हसली, आजी पण शाळेत? मला तर तो प्रसंग डोळ्यांपुढे उभाच राहतो, बासष्ट वर्षांचा संसार झालेले दोघं नवरा-बायको कैदेत बसून अभ्यास करताहेत. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र होती, संध्याकाळी बा गेल्या, गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली आणि याच आवारात अग्नी दिला. सासूबाई सांगत होत्या की राखेत बांच्या काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या. हे सांगताना त्यांचा स्वतःच्या बांगड्यांवर हात गेला.

तर सरांचं वाक्य ऐकून आम्ही मागच्या बाजूला गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते तरी त्या निघाल्या, मुलाचा हात धरून. हिरवळीवरची सगळी गर्दी पुढेच राहिली, मागे आम्ही आणि एक म्हातारं जोडपं, बस. दोन समाध्या, शेजारी शेजारी, एक महादेवभाईंची, एक बांची. सासूबाईंनी चपला काढल्या, रुमालाची गाठ सोडली आणि थेऊरहून आणलेल्या दुर्वा दोन्ही समाध्यांवर ठेवल्या, तेव्हा मला त्या रुमालाचा उलगडा झाला. दुर्वा कोमेजल्या होत्या. मुलगी कुणी न सांगता नमस्कार करून उभी राहिली. आम्ही पंधरा-वीस मिनिटं थांबलो असू, जास्त नाही.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय की आगाखान पॅलेसला जाताय तर मागे गेल्याशिवाय परत येऊ नका, आणि थेऊरला गेलात तर नदीवर जाऊन या. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी ऊन उतरल्यावर जा, हळूहळू चालत गेलं की जमतं. शाळांच्या शिक्षकांना हात जोडून विनंती, आतल्या खोल्या दहा मिनिटं कमी बघितल्या तरी चालतील, पण मुलांना समाधीपाशी उभं करा आणि दोन वाक्यं बोला, महादेवभाईंवर एक आणि बांवर एक. मुलं ऐकतात हो, माझी ऐकत होती. आणि संपादक साहेब, आपल्याला एक सांगणं आहे, १५ ऑगस्टच्या अंकात महादेवभाईंवर आणि २२ फेब्रुवारीच्या अंकात बांवर चार ओळी तरी आठवणीनं छापा, कारण आमच्या घरी सासूबाई पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि दुपारी मुलांना वाचून दाखवतात.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे