एसएसडी घेताना आधी स्लॉट बघा

संपादक महोदय,

घरातल्या जुन्या पीसीला एसएसडी (हार्डडिस्कऐवजी वापरायची वेगवान, चिपवाली ड्राइव्ह) टाकायची म्हणून दुकानात गेलो, तर दुकानदाराने सरळ एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) हातात दिली, घरी येऊन बघतो तर आमच्या मदरबोर्डवरचा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) फक्त साटावाला, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या प्रकारचा, ड्राइव्ह दिसेचना! दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच, मग साध्या माणसाने ओळखायचं कसं? खाचा बघून अंदाज येतो, पण खात्री मदरबोर्डच्या मॅन्युअलमधेच होते. दुकानदारांनी विकण्याआधी मॉडेल विचारायलाच पाहिजे.

आणि स्पीडच्या आकड्यांना भुलू नका. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या जोडणीची) एनव्हीएमई ३५०० पर्यंत, पण ब्राउझर, टॅली, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही, हार्डडिस्कवरून साटावर आलात तरी पीसी नवा झाल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा आतली मेमरी चिप टीएलसी प्रकारची की क्यूएलसी ते विचारा. क्यूएलसीत एका सेलमधे (डेटा साठवायच्या कप्प्यात) ४ बिट बसवतात, टीएलसीत ३, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते पण मोठ्या फाइल कॉपी करताना कॅश (ड्राइव्हमधली तात्पुरती वेगवान जागा) भरली की एकदम रेंगाळते आणि तिचं टीबीडब्ल्यू (एकूण किती डेटा लिहिता येईल तो आकडा) पण सहसा कमी असतं. खोक्यावर हे ठळक छापायला कंपन्यांना काय हरकत आहे?

– एक वाचक